घोडी माळावर आणली ते दिवस

युद्धाच्या मधल्या वर्षांत पेट्रोल मिळेनासं झालं आणि शहापुरातल्या टांगेवाल्यांना बरे दिवस आले. आसनगाव स्टेशनावरची मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. कधी यायची, कधी चढावर धूर सोडत बसून राहायची. मग उतारू खाली उतरून टांग्याची वाट बघत. टांगे वाढले, घोडे वाढले आणि तबेल्यात जागा पुरेना. आमच्या घोडीला तबेला सोडावा लागला तो त्यामुळे.

घोडी आमच्या यांच्या कामाची होती. हे देवी टोचण्याच्या खात्यात होते. पावसाळा संपला की शिमग्यापर्यंत पाड्यापाड्यांवरून फिरायचं, मुलांच्या दंडावर देवी टोचायच्या, पुन्हा जाऊन फोड आला की नाही ते पाहायचं. डोळखांबच्या बाजूला तेव्हा रस्ते नव्हतेच. पायवाटा होत्या आणि त्या घोडीला पाठ होत्या. आमच्या बिऱ्हाडात तिला ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती तबेल्यात महिन्याच्या बोलीवर असे. दाणा, वैरण, खरारा, नाल, सगळं तबेलेवाल्याकडे.

तिची चौकशी करायला मी तबेल्यात जात असे. मला सकाळी घाई असते, तेव्हाही असायची. पण तिथे आत शिरलं की पाय जरा सावकाश पडत. कौलांच्या फटींतून उन्हाच्या काठ्या उतरलेल्या असत आणि त्यांत वैरणीची धूळ तरंगत असे. सगळी जनावरं एका रांगेत, पुढून दोन दोर आणि मागच्या पायाला एक, अशी बांधलेली. प्रत्येकाच्या तोंडाला तोबरा आणि आत हरभरा चावल्याचा आवाज. एका वेळी दळणाची बरीच जाती फिरावीत तसा तो आवाज यायचा. आमची घोडी तांबूस, अंगाने बारीक, दोन टांग्यांच्या घोड्यांच्या मध्ये उभी असायची. याच तबेल्यात ती जन्मली होती. तिची आई टांग्याला होती. दौऱ्यावर गेली तरी रात्री कुणाच्या तरी गोठ्यात बांधली जायची आणि कापलेलं गवत पुढ्यात यायचं. उघड्या रानात ती कधी राहिली नव्हती. पण हा विचार तेव्हा कुणी केला नाही.

दसरा झाला आणि दोन गोष्टी एकदम आल्या. यांची बदली मुरबाडला झाली आणि तबेलेवाल्याने जागा मोकळी करून मागितली. हे पावसाळाभर हिवतापाने झिजले होते. अंथरुणातून उठून बसायचे, पुन्हा पडायचे. तेव्हा सगळं माझ्याकडे आलं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. काय न्यायचं, काय विकायचं, काय शेजारी ठेवायचं हे मी एका संध्याकाळी लिहून काढलं. घोडीपुढे मात्र काही लिहिता येईना. मुरबाडला तबेला नव्हता. तिथले टांगेवाले आपापल्या दारात घोडं बांधत. हरभरा मिळणं कठीण झालं होतं. शेवटी मुरबाडच्या घरमालकाकडून कळलं की गावाबाहेर सरळगावच्या वाटेला एक माळ खंडाने, म्हणजे ठरलेल्या भाड्याने, मिळतोय. ओहोळाच्या काठी आहे, गवत कमरेएवढं उभं आहे. मला हे फार सोयीचं वाटलं. जनावर आणि त्याचं अन्न एकाच जागी, मध्ये कुणी नको.

तबेलेवाला हसला. तो यांच्याच वयाचा, सतत पान खाणारा, आम्हाला घरच्यासारखा. म्हणाला, "वहिनी, माळावर सोडलेला घोडा आणि पेन्शनीतला फौजदार सारखेच. समोर सगळं असतं, पण वाढायला कोणी नाही म्हणून रुसून बसतात." मग जरा गंभीर होऊन म्हणाला की तिचं तिकडे मन लागलं नाही तर परत पाठवा, मी तिला टांग्याला जुंपीन. चांगल्या मनाने म्हणाला. मला मात्र ती तांबूस मान टांग्याच्या दांड्यांमध्ये दिसली आणि मी विषय बदलला.

निघालो ते पहाटेच्या धुक्यात. बैलगाडीत भांडी, वळकट्या, आणि वळकट्यांवर घोंगडी पांघरून हे. घोडी गाडीच्या मागे बांधली तर ती दर धक्क्याला मागे ओढायची. मी तिला सोडवून घेतलं, लुगड्याचा काचा घट्ट केला आणि लगाम हातात धरून चालू लागले. माहुलीचे सुळके धुक्याच्या वर निघालेले होते, खालचा डोंगर नव्हताच. वाटेच्या दोन्ही बाजूंना गवत पिकून पिवळं झालेलं, दवाने वाकलेलं. घोडीच्या अंगाची वाफ माझ्या खांद्यावर येत होती. मी काही तसल्या स्वभावाची नाही, पण त्या दोन दिवसांचा क्रम मला अजूनही नीट लावता येत नाही. आधी झाड की आधी ओढा, ते सरमिसळ होतं.

एवढं पक्कं आठवतं की घोडी थांबायची. मध्येच, काही कारण नसताना, वाट सोडून दोन पावलं बाजूला जाऊन उभी राहायची. मी ओढलं तरी हलायची नाही. पहिल्यांदा मला वाटलं नालेत खडा अडकला. खाली वाकून पाहते आहे तोवर कुडाच्या घरातून एक बाई बाहेर आली, कडेवरचं पोर तिने पदराखाली झाकलेलं. मागच्या घरात मुलांची एकच पळापळ चालली होती. कणगीमागे, कोंबड्यांच्या खुराड्यात, मिळेल तिथे मुलं शिरत होती.

"बाय, आज टोचायचं नाय ना?" बाईने विचारलं.

मी म्हटलं, नाही, नुसती घोडी नेतेय.

"मग तिला सांग की तसं. ती थांबलीय."

यांनी गाडीतून हाक मारली, "अगं, तिथे थोडा वेळ थांबावंच लागतं. तिची सवय आहे." आणि घोंगडीतून हसले. किती दिवसांनी हसले होते.

असं त्या वाटेवर पाड्यापाड्याला झालं. जिथे जिथे हे उतरत असत तिथे तिथे ती थांबली, मनाशी ठरलेला वेळ उभी राहिली आणि मग आपणहून चालू लागली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण यांचा दिवस कसा जातो ते मला ठाऊक नव्हतं. ते घोडीने मला दाखवलं. एके ठिकाणी तर घर नाही, पाडा नाही, नुसतं एक जांभळाचं झाड, आणि तिथेही ती थांबली. मी गाडीकडे पाहिलं. हे म्हणाले, "इथे मी भाकरी खातो." मग आम्हीही तिथे भाकरी खाल्ली. झाडाखाली एक सपाट दगड होता, बसून बसून गुळगुळीत झालेला.

किन्हवलीला शाळेच्या ओट्यावर मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी काळू नदी उतरलो. पाणी गुडघ्याच्या वर नव्हतं, पण थंड होतं आणि तळाचे गोटे दिसत होते. बैल घाईने पार झाले. घोडी मध्यावर उभी राहिली. इथे तर कुणाला टोचायचं नव्हतं. ती पाणीही पीत नव्हती, नुसती खाली बघत होती. पाण्यात तिचं तांबूस पोट हलत होतं, आकाश हलत होतं, माझं लुगडं हलत होतं. मी तिला ओढलं नाही. पलीकडून गाडीवान ओरडत होता आणि मला ते लांबून आल्यासारखं ऐकू येत होतं.

माळ सांगितला होता तसाच होता. एका बाजूला ओहोळ, दुसऱ्या बाजूला उतरत जाणारा बांध, कोपऱ्यात एक मोहाचं झाड. मालकीण एकटी म्हातारी, चार गुरं बाळगून भात करणारी. अंगाने काटक, बोलण्यात तडफदार. तिने मला माळाच्या कडेने फिरवून आणलं आणि हात ओवाळून सांगितलं, "हा सगला तुजा." खंड ठरला, त्यात घासाघीस झाली नाही. मी लगेच कामाला लागले. बोरीच्या आणि करवंदीच्या काट्या आणवून सगळीकडून कुंपणासारखा कूड घातला, मोहाखाली गवताचा मांडव केला, ओहोळाकडे उतरायला वाट काढली. काम चोख झालं. घोडी आत सोडली, दोर काढले आणि मी हात झटकून घरी आले.

दुसऱ्या दिवशी गेले तर घोडी मोहाखाली उभी होती. तिसऱ्या दिवशीही तिथेच. मला वाटलं सावलीला आली असेल. पण पायाखालचं गवत तुडवलेलं आणि जरा पलीकडचं जसंच्या तसं उभं. ती तिथून हललीच नव्हती. पुढे दोन दोर आणि मागे एक दोर अजून बांधलेला असावा तेवढ्याच जागेत ती एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे करत होती. चहूकडे कमरेएवढं गवत, वाऱ्याने एका बाजूला वळणारं, उन्हात सोन्यासारखं चमकणारं, आणि मध्ये हे जनावर, उपाशी.

मी गवत कापून पुढ्यात टाकलं. तिने हुंगलं आणि मान वर केली. तोबरा आणला, थोडा हरभरा कुठून तरी मिळवून आणला. त्यात तोंड घातलं, पण चार दाणे चावून थांबली. लगाम धरून तिला माळभर फिरवलं. माझ्याबरोबर फिरली. लगाम सोडला की पुन्हा मोहाखाली. पाण्याला मात्र मी नेलं की जायची. ओहोळात पाहत उभी राहायची आणि कानांनी काहीतरी ऐकत असायची. मुरबाडचा रस्ता लांब होता, तिथून काही ऐकू येत नसे.

पाहता पाहता फासळ्या दिसू लागल्या. ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी त्यांनी उपाय सांगितले. गूळ, सैंधव, कडुनिंब, नजर उतरवणं. मी सगळे केले, नजरसुद्धा उतरवली. म्हातारीला घोड्यातलं काहीच कळत नव्हतं आणि ती तसं सांगायचीही. ती घोडीला भीत असे. कुडाबाहेरूनच बघायची आणि म्हणायची, "येवढी मोठी, आन दूध नाय."

हे आता काठी टेकत माळापर्यंत येऊ लागले होते. मोहाच्या मुळावर बसायचे आणि घोडी त्यांच्या डोक्याजवळ मान आणून उभी राहायची. दोघंही सारखीच दिसायची, हाडं आणि डोळे. थंडी सुरू झाली की दौरा सुरू व्हायचा होता. पायी फिरण्याची ताकद यांच्यात नव्हती. पण ते दौऱ्याबद्दल बोलत नसत. एका संध्याकाळी त्यांनी तिच्या मानेवरून हात फिरवत म्हटलं, "तबेल्यात पाठवून देऊ. टांगा ओढेल, पण जगेल." मी मनात म्हटलं, आणखी थोडे दिवस. शहापूरला निरोप द्यायचा हे काम मी त्या आठवड्यात सगळ्यांत खाली ढकलत राहिले. एरवी मी असं कधी करत नाही.

एवढ्यात भातं कापून झाली, झोडपून झाली. शेतं उघडी पडली आणि सगळीकडे पेंढ्याचा वास सुटला. म्हातारी माझ्याकडे आली आणि म्हणाली की आता कूड काढ. मी विचारलं, का. ती माझ्याकडे असं पाहू लागली की जणू मी विचारलं होतं, सूर्य का उगवतो. भात घरात गेलं की गुरं सुटतात. मग शेत कुणाचं, माळ कुणाचा, असं कोणी पाहत नाही. सगळ्या गावाची गुरं सगळ्या रानात. पाऊस येईपर्यंत.

मी सांगितलं की माळ मी शिमग्यापर्यंत खंडाने घेतलाय. तीही म्हणाली, हो, घेतलायस, मी कुठं नाय म्हणते. मी म्हटलं, मग गुरं आत कशी येणार? ती म्हणाली, वाट केली की येतील. दोघींचंही खरं होतं. तिने माळ दिला होता तो गावच्या रीतीने, मी घेतला होता तो माझ्या रीतीने, आणि ठरवताना दोघींनीही हे विचारलं नव्हतं. शेवटी ती चिडली.

"गुरांना कूड घालतं का गो कोणी? आमी काय चोर हाव?"

मी म्हटलं, माझी घोडी आधीच खात नाही, त्यात गुरांनी गवत संपवलं तर ती जगायची कशी.

"खात नाय तर मंग कोनासाठी राखतेस?" असं म्हणून ती उठली. दारातून वळून तिने बजावलं की उद्या तुझी घोडी बांधून ठेव, माझी गाय गाभण आहे, लाथ बसली तर बघ.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाट धुकं होतं. मी माळाजवळ पोचले तेव्हा पहिल्यांदा घंटा ऐकू आल्या. लाकडी, बसक्या आवाजाच्या, इकडून एक, तिकडून एक. कुडाला बांधाच्या बाजूने मोठं भगदाड पडलं होतं. काट्या कोणी काढल्या ते मला कळलं नाही, मी पुढेही कधी विचारलं नाही. मी खाली पडलेली एक काठी उचलली आणि आत धावले. समोरून म्हातारीही काठी घेऊन धावत येत होती. मी गुरांना हाकलायला, ती घोडीला.

दोघी एकाच वेळी थांबलो.

मोहाखाली घोडी नव्हती. धुक्यात गुरांच्या पाठी दिसत होत्या, काळ्या, पांढऱ्या, करड्या, गवतात पोटापर्यंत बुडालेल्या, आणि त्या सगळ्या हळूहळू एका दिशेने सरकत होत्या. त्यांच्या मध्ये एक पाठ तांबूस होती. दोन्ही बाजूंना गाई, पुढे एक म्हातारा बैल. घोडीची मान खाली होती. मी उभी राहून ऐकू लागले. आधी नुसत्या घंटा, मग गुरांचं गवत ओरबाडणं, आणि त्यात एक वेगळा आवाज, आखूड, झटक्याचा, दातांनी तोडल्याचा. मग चावल्याचा. तो आवाज मला ओळखीचा होता. शेजारची गाय एक पाऊल पुढे गेली, घोडीही गेली. गाय थांबली, घोडी थांबली. म्हातारीची गाभण गाय तिला अगदी चिकटून चरत होती.

म्हातारीने काठी खाली टेकली. बराच वेळ पाहून ती म्हणाली, "एकटीला गोड लागत नसंल."

धुकं विरत गेलं आणि ती सगळी जनावरं ओहोळाकडे उतरली. घोडी माझ्याजवळून गेली, पण तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिच्या तोंडातून गवताची काडी लोंबत होती.

घरी येऊन यांना सांगितलं. त्यांनी सगळं दोनदा सांगायला लावलं, गाय कुठल्या बाजूला होती तेसुद्धा. मग विचारलं, "मग गुरं हाकललीस का?" मी म्हटलं, नाही. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा पोटभर भात खाल्ला, पण त्याचा संबंध मी लावणार नाही. हिवताप तसाही उतरणीला लागला होता.

मी राखून ठेवलेलं गवत गुरांनी थोड्याच दिवसांत संपवलं. माळ गुडघ्याखाली आला, मग घोट्याखाली. पण तोवर घोडी माळावर राहिलीच नव्हती. सकाळी गुरांबरोबर भगदाडातून बाहेर पडायची आणि टेपाडापलीकडे जायची. तिकडे काय आहे ते मी कधी पाहिलं नाही. संध्याकाळी सगळी गुरं धूळ उडवत परत येत तेव्हा कधी ती पुढे असे, कधी मागे, आणि पाठीला गवताची कुसळं. पोट भरलेलं. रात्री ती म्हातारीच्या गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी राही. म्हातारी आता तिला भ्यायची नाही, उलट वाटेत आली तर कोपराने ढकलायची. दूध नाही हे मात्र अजून बोलून दाखवायची.

थंडीत दौरा सुरू झाला. ज्या दिवशी निघायचं त्याच्या आदल्या संध्याकाळी घोडी बांधून ठेवायची, एवढंच नवीन काम वाढलं.

पहिल्या दौऱ्याला हे घोडीवरून निघून गेले त्या दिवशी मी म्हातारीच्या मदतीने उरलेला कूड काढला. काट्या खडखडीत वाळल्या होत्या. मला वाटलं होतं पुढच्या वर्षासाठी रचून ठेवाव्यात. म्हातारी म्हणाली, राबाला दे, भाताचं रोप करायची जागा भाजायला काट्या चांगल्या. मी भारे बांधून दिले. तिने एकेक करून डोक्यावर नेले. माळ सगळीकडून उघडा झाला, आणि आता तो कुठे संपतो ते दिसेना. बांधापासून टेपाडापर्यंत एकच फिकट पिवळं रान होतं, वर ऊन, आणि कुठल्या तरी घळीतून येणारा एखाद्या घंटेचा आवाज. मी हात धुतले आणि घरी आले.